पत्ता उजवीकडून वाचावा

शाळेत पत्रलेखन शिकवताना सगळा भर मायन्यावर असे. तीर्थरूप कुणाला, चिरंजीव कुणाला, साष्टांग नमस्कार कुठे आणि अनेक आशीर्वाद कुठे. पत्ता मात्र उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत उरकून टाकायचा. खरं तर मायना चुकला तर फार तर काका रागावतील. पत्ता चुकला तर पत्र काकांपर्यंत जाणारच नाही. आज जरा त्या दुर्लक्षित चौकटीबद्दल लिहावं म्हणतो. कारण संगणकावर आणि मोबाईलवर आपण दिवसभर ज्या पत्त्यांवर बोट ठेवतो, त्यांचं सगळं गणित त्या चौकटीत आधीच होतं.

‘मु. पो. ता. जि.’ ही चार अक्षरं आठवतात ना? मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. समजा, नागपूरहून कुणी पत्र टाकलं आणि त्यावर लिहिलं : मु. पो. वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर. नागपूरच्या टपाल वर्गीकरण करणाऱ्या माणसाला वैराग कुठे आहे हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही. तो फक्त शेवटचा शब्द बघतो, ‘सोलापूर’, आणि पत्र त्या थैलीत टाकतो. सोलापूरला थैली उघडली की तिथला माणूस त्याच्या अलीकडचा शब्द बघतो, ‘बार्शी’. बार्शीचा माणूस बघतो ‘वैराग’. आणि वैरागचा पोस्टमन सगळ्यात पहिली ओळ वाचतो, ती म्हणजे तुमच्या काकांचं नाव.

म्हणजे गंमत बघा. आपण पत्ता लिहितो नावापासून जिल्ह्यापर्यंत, आणि टपालखातं तो वाचतं जिल्ह्यापासून नावापर्यंत. लिहिणारा आणि वाचणारा दोन उलट दिशांनी चालतात. शिवाय या साखळीत कुणालाच सगळं माहीत असावं लागत नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या खालची एक पायरी माहीत असली की पुरे. साऱ्या देशातली घरं एका वहीत लिहून ठेवायची म्हटली असती, तर ती वही कधी पुरीच झाली नसती.

तरीही या पद्धतीत अडचणी होत्याच. एक तर आपल्या देशात एकाच नावाची गावं ढिगानं. वडगाव, पिंपळगाव, खेड, पिंप्री एकट्या महाराष्ट्रात किती असतील ते मोजायला बसू नये. दुसरं म्हणजे लिपी. सोलापूरचंच घ्या. इथे मराठी आहे, साखर पेठ-भद्रावती पेठेकडे पद्मशाली समाजाची तेलुगू आहे, अक्कलकोटच्या बाजूची कन्नड आहे, उर्दू आहे. पत्र कुठल्याही लिपीत यायचं. शिवाय इंग्रजी स्पेलिंगही एक नव्हतं. इंग्रजांच्या काळात या गावाला ‘शोलापूर’ म्हणत, आणि १८६० साली आगगाडी इथे आली तीही ‘शोलापूर’लाच.

यावर उपाय काढला तो एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल व तार खात्यातले मोठे अधिकारी, आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी व नाटककार. पिनकोडचे जनक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं, पण आपल्या मराठी घरांतून ते फारसं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सहा आकडी पिनकोड देशभर सुरू झाला.

या सहा आकड्यांत मु.पो.ता.जि.चीच शहाणीव आहे, फक्त उलट्या क्रमानं. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा हा पट्टा. ५ म्हणजे आंध्र, तेलंगण, कर्नाटक. ९ हा आकडा सैन्याच्या टपालासाठी. पहिले तीन आकडे मिळून वर्गीकरणाचा जिल्हा होतो, आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय दाखवतात. सोलापूरचं मुख्य टपाल कार्यालय ४१३००१. पंढरपूर ४१३३०४, बार्शी ४१३४०१, अक्कलकोट ४१३२१६.

इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ४१३ हा आकडा टपालाच्या सोयीचा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीचा नाही. म्हणून बारामती पुणे जिल्ह्यात असूनही ४१३१०२, तुळजापूर धाराशिवमध्ये असून ४१३६०१, लातूर ४१३५१२. आणि शंभर किलोमीटरवरचं विजापूर मात्र ५८६ ने सुरू होतं, कारण मध्ये आकडा बदलण्याची रेघ आहे. टपालाची थैली ज्या वाटेनं जाते ती वाट हा आकडा सांगतो. नकाशावरचा रंग तो सांगत नाही.

आता सात समुद्र पलीकडे जाऊ. इथे पिनकोड रुळत होता त्याच सुमारास अमेरिकेत विद्यापीठांचे आणि संरक्षणखात्याचे संगणक तारांनी एकमेकांना जोडले जात होते. प्रत्येक संगणकाला एक क्रमांक होता. पुढे हे क्रमांक ठिपक्यांनी तोडलेल्या चार आकड्यांत लिहायची रीत पडली, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. यंत्राला आकडा प्रिय, माणसाला नाव प्रिय. म्हणून एक यादी ठेवली गेली : या नावाचा हा क्रमांक. ही यादी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, त्या यादीत लिहून घेणार, आणि मग जगभरच्या सगळ्यांनी ती नवी यादी आपल्याकडे उतरवून घ्यायची. शाळेच्या जनरल रजिस्टरसारखंच, एकच वही आणि एकच कारकून.

संगणक काही शे होते तोवर हे चाललं. मग वाढले. यादी रोज बदलू लागली, सगळ्यांनी ती सारखी उतरवून घ्यायची म्हणजे त्यातच तारा व्यापून जायच्या. शिवाय एकच नाव दोघांना हवं असलं की भांडण. म्हणजे आपल्या वडगाव-पिंपळगावचाच प्रश्न. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी, जॉन पोस्टेल या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सांगण्यावरून, यावर तोड काढली. एक वही बंद. त्याऐवजी पायऱ्या. सगळ्यात वरच्यानं फक्त खालच्या मोठ्या गटांची नोंद ठेवायची, त्या गटानं आपल्या खालच्यांची, त्यांनी आपल्या खालच्यांची. नावांमध्ये ठिपके देऊन पायऱ्या दाखवायच्या. आज आपण ज्याला ‘डोमेन नेम’ म्हणतो ते हेच. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिंबॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं.

मला यात सर्वात मोठं शहाणपण दिसतं ते अधिकार खाली सोपवण्याचं. वैरागमध्ये कोणत्या गल्लीला काय नाव द्यायचं हे दिल्ली ठरवत नाही. त्यामुळे दोन गावांत दोन ‘मारुती गल्ल्या’ सुखानं नांदतात. नाव आपल्या पायरीपुरतं वेगळं असलं की झालं.

एक उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ आहे ‘सोलापूर डॉट जीओव्ही डॉट इन’. (इंग्रजी अक्षरांत आहे, मी उच्चार लिहितोय.) तुम्ही ते टाइप केलंत की तुमचा मोबाईल आधी बघतो, हा पत्ता मला किंवा मला सेवा देणाऱ्या कंपनीला आधीच ठाऊक आहे का? म्हणजे जुना पोस्टमन कसा, पाकीट नुसतं बघून ‘हे जोशांचं’ म्हणतो, तसं. ठाऊक नसेल तर विचारपूस सुरू होते, आणि ती होते उजवीकडून. सर्वांत वर ‘मूळ’ नावाची पायरी आहे. तिचे ‘ए’ ते ‘एम’ अशा तेरा नावांचे सेवक-संगणक आहेत, आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत, आपल्या मुंबईतसुद्धा. त्या मूळ पायरीला विचारायचं, ‘इन’ची नोंद कोण ठेवतं? ती सांगते, अमुक ठिकाणी विचारा. तिथे विचारायचं, ‘जीओव्ही डॉट इन’ कोण सांभाळतं? ते पुढचं ठिकाण सांगतात. तिथे विचारायचं, यातलं ‘सोलापूर’ कुठे? तेव्हा कुठे क्रमांक हातात पडतो, आणि तुमचा मोबाईल त्या क्रमांकाच्या दारावर जाऊन उभा राहतो. नवीन गावात पत्ता विचारत जाणाऱ्या पाहुण्यासारखं. फरक इतकाच की हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.

आणि हो, ‘इन’च्याही उजवीकडे एक ठिपका असतो. तो आपण लिहीत नाही, दिसतही नाही, पण तत्त्वतः तो आहे. तो म्हणजे ते मूळ. सगळ्या पत्त्यांचा शेवट तिथे होतो, म्हणून कुणीच तो लिहायचे कष्ट घेत नाही. पत्रावर ‘पृथ्वी’ कुठे लिहितो आपण?

पण थांबा. आपल्याकडे एका ठिकाणी ‘पृथ्वी’ सुद्धा सांगतात! पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सोडायला सांगतात तो आठवा. जंबुद्वीपापासून सुरुवात, मग भरतवर्ष, मग दंडकारण्य, मग गोदावरीचा दक्षिण तीर, आणि असं उतरत उतरत शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. (नाशिकला नदी ओलांडली की तीर बदलतो, ही त्यातली अचूकता.) हा पत्ताच आहे, आणि तो मोठ्याकडून लहानाकडे येतो. चिनी आणि जपानी लोक पत्रावरचा पत्ता असाच लिहितात : आधी प्रांत, मग शहर, मग गल्ली, शेवटी माणूस. म्हणजे आपल्या घरात दोन्ही पद्धती आहेत. देवाला पत्ता सांगायचा तो जंबुद्वीपापासून आणि पोस्टमनला सांगायचा तो घर नंबरापासून.

तुम्हाला वाटेल हे विषयांतर झालं. पण संगणकवाल्यांमध्ये याच मुद्द्यावर दोन तट होते. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं जे स्वतःचं जाळं होतं, त्यात नावं संकल्पाच्या क्रमानं लिहीत. आधी देश, मग शिक्षणक्षेत्र, मग विद्यापीठ. अमेरिकन पद्धत याच्या बरोबर उलट. दोन्ही जाळी जोडली गेल्यावर पत्ता पुढून वाचायचा की मागून, असा घोळ होऊ लागला. अखेर नव्वदच्या दशकात ब्रिटिश पद्धत मागे पडली आणि पोस्टमनची पद्धत जिंकली.

मग आले टिम बर्नर्स-ली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात १९८९ साली त्यांनी ‘वेब’ची कल्पना मांडली, १९९१ साली ती जगापुढे खुली झाली. त्यांना केवळ संगणकाचं नाव पुरणार नव्हतं. त्या संगणकातला नेमका कागद कुठला, हेही सांगायचं होतं. म्हणून त्यांनी ठिपक्यांच्या नावापुढे तिरकी रेघ दिली आणि त्यापुढे कपाट, खण, फाईल असा क्रम लावला. आता गंमत अशी की हा भाग डावीकडून उजवीकडे, मोठ्याकडून लहानाकडे जातो. म्हणजे एकाच वेब पत्त्यात अर्धा पोस्टमन आहे आणि अर्धा संकल्प! पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत उजवीकडून डावीकडे वाचायचं, आणि रेघेनंतर डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला ज्या दोन तिरक्या रेघा असतात त्यांची खरं तर गरजच नव्हती, असं बर्नर्स-ली यांनी २००९ साली स्वतःच सांगितलं. तोपर्यंत त्या दोन रेघा जगानं किती वेळा टाइप केल्या असतील, देव जाणे.

संस्कृतात विलोमकाव्य म्हणून एक प्रकार आहे. वेंकटाध्वरी या कवीचं ‘राघवयादवीयम्’ सरळ वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा सांगतं. वेलणकर संस्कृतचे कवी, त्यांना हा प्रकार ठाऊक नसेल असं होणारच नाही. दोन्ही दिशांनी वाचायच्या या पत्त्याचं त्यांना कौतुकच वाटलं असतं, असं मला आपलं उगाच वाटतं. १९९९ साली ते गेले.

आपल्या देशाची ‘इन’ ही दोन अक्षरं १९८९ साली नोंदली गेली, आणि त्यांची व्यवस्था होती मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे. सामान्य माणसाला इंटरनेट विकत मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. पिनकोडही १५ ऑगस्टचा, हेही १५ ऑगस्टचं. पहिली काही वर्षं ‘इन’मधली नावं मिळवणं कटकटीचं होतं, म्हणून आपली मंडळी ‘कॉम’कडेच धावली. २००५ साली नोंदणी सर्वांना खुली झाली, तेव्हापासून ‘इन’ फोफावलं.

नाव आलं की नावावरून तंटा आलाच. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात एक खटला चालला. ‘रेडिफ’ ही मुंबईची कंपनी प्रसिद्धीला आलेली, तेवढ्यात दुसऱ्या कुणी एका अक्षराचा फरक करून ‘रॅडिफ’ असा पत्ता घेतला. न्यायालयानं रेडिफच्या बाजूनं मनाईहुकूम दिला. डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाला जसं संरक्षण मिळतं तसं ते यालाही मिळायला हवं, असा त्याचा आशय. पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात याच दिशेनं निकाल दिला.

जुन्या व्यापाऱ्यांना यात नवल वाटलं नसतं. पूर्वी पेढ्यांच्या छापील कागदावर फोन नंबराशेजारी ‘तार :’ असं लिहून एकच शब्द छापलेला असे. तारेला प्रत्येक शब्दाचे पैसे पडत, म्हणून लांबलचक पत्त्याऐवजी एक शब्द तारखात्यात नोंदवून ठेवायचा, त्याची ठरावीक फी भरायची. एका तारघरात तो शब्द दुसऱ्याला मिळत नसे. फी थांबवली की शब्द गेला. डोमेन नावाचे नियम याहून काय वेगळे आहेत? तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती कल्पना दुसऱ्या कपड्यांत अजून हिंडते आहे.

आता लिपीची गोष्ट. मोकापेट्रिस यांची व्यवस्था इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच उभी होती. साऱ्या जगानं आपलं नाव इंग्रजीत लिहायचं, म्हणजे पुन्हा ‘शोलापूर’च. यावर २००३ साली ‘पनीकोड’ नावाची युक्ती निघाली. कुठल्याही लिपीतलं नाव एका ठरावीक रीतीनं इंग्रजी अक्षर-आकड्यांत गुंडाळायचं आणि पुढे ‘एक्स एन’ व दोन आडव्या रेघा ही खूण लावायची. या युक्तीमुळे २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘डॉट भारत’ सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, सिंधी अशा आठ भाषांसाठी ते एकच. तुमच्या डोळ्यांना दिसतं ‘भारत’, पण आत यंत्र वाचतं ‘एक्स एन, दोन रेघा, एच २ बी आर जे ९ सी’. बारशाचं नाव एक आणि जन्मनाव एक, तसं. तेलुगूत, उर्दूत, कन्नडमध्ये आपापल्या लिपीतलं ‘भारत’ही आहे. म्हणजे सोलापूरच्या चारही भाषांची सोय कागदावर तरी झाली.

मराठीची स्वतःची एक डोकेदुखी यात आहे, ती मराठीच्या मास्तरालाच कळेल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मुलांना समजावताना आमचा घसा बसायचा. एकाला दक्षिणा द्यायची, दुसऱ्याला स्वयंपाकाची मजुरी. तो ‘ऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात साध्या र ला पाय मोडून न दिसणारं जोडचिन्ह घालतात, दुसऱ्यात खाली नुक्ता असलेला र वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. आता ‘कऱ्हाड’ नावाचा पत्ता दोघांनी दोन तऱ्हांनी नोंदवला तर खरा कोणता? म्हणून अशा नावांसाठी प्रत्येक लिपीचे काटेकोर नियम बसवावे लागले : कोणती अक्षरं चालतील, कुठल्या अक्षरानंतर कुठलं येऊ शकेल. व्याकरण संपलं असं म्हणणाऱ्यांनी याकडे जरूर बघावं. खेदाची गोष्ट एवढीच की आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘डॉट भारत’ मला क्वचितच दिसतं.

इतका वेळ जो इतिहास सांगितला त्याचा घरगुती उपयोग आता सांगतो. माझ्या वयाच्या मंडळींनी आणि त्यांच्या मुलांनी हा भाग सावकाश वाचावा, कारण यात पेन्शनचा प्रश्न आहे.

आम्हा निवृत्तांच्या मोबाईलवर रोज काही ना काही येतं. आज रात्री वीज तोडली जाईल, हयातीचा दाखला अडकला आहे, बँकेची माहिती अद्ययावत करा. खाली एक निळा पत्ता. माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस डावीकडून वाचतो. डावीकडे ओळखीचं नाव दिसलं की त्याला धीर येतो. फसवणारे नेमकं हेच जाणून असतात. पायऱ्या सोपवण्याची जी सोय मोकापेट्रिस यांनी केली, तिचाच ते गैरफायदा घेतात. ‘अमुक डॉट कॉम’ ज्यानं विकत घेतलं, त्याला त्याच्या डावीकडे वाट्टेल ते लिहिण्याचा अधिकार आपोआप मिळतो. तो बिनदिक्कत ‘सोलापूर डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा पत्ता करू शकतो. हा पत्ता सोलापूरच्या कलेक्टर कचेरीचा मुळीच नाही, तो अमुकचा आहे. पाकिटावर ‘राष्ट्रपती भवन, मु. पो. अमुकवाडी’ लिहिलं म्हणून पत्र राष्ट्रपतींकडे जात नाही, ते अमुकवाडीलाच जातं.

म्हणून रीत अशी. सुरुवातीच्या दोन रेघा सोडून द्या. त्यानंतरची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा. तिथून डावीकडे चालू लागा, टपालखात्यासारखे. शेवटचा शब्द कोणता आणि त्याच्या अलीकडचा कोणता, ते बघा. मालक तिथे सापडतो. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते नाव सरकारी कार्यालयांनाच मिळतं. त्या दोन शब्दांमध्ये ठिपक्याऐवजी आडवी रेघ असेल, किंवा त्यांच्या उजवीकडे आणखी काही असेल, तर तो पत्ता सोडून द्यावा. कुलपाचं चित्र दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते कुलूप म्हणजे पाकिटाला लाख लावलेली आहे, वाटेत कुणी उघडणार नाही, एवढंच सांगतं. पाकीट पाठवणारा भला की भामटा, हे लाखेला कसं कळणार? आणि आखूड केलेले पत्ते किंवा ठिपक्यांचे चौकोनी कोड यांत तर पत्ता दिसतच नाही. दिसत नसेल तर पैशाचा व्यवहार तिथून करू नये.

बँकांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ ही वेगळी पायरी असेल, आणि सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे यावं असा आदेश दिला. ही नावं हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडूनच मिळतात आणि बँकेखेरीज कुणाला मिळत नाहीत. तेव्हा आपल्या बँकेचा पत्ता उजवीकडून वाचताना आधी ‘इन’, मग ठिपका, मग ‘बँक’ असं यायला हवं. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते अशाच कारणानं. ‘सोलापुरी’ असं कुणीही छापू शकतो, म्हणून ते छापायचा हक्क कुणाला, हे एका जबाबदार दप्तरात नोंदवून ठेवावं लागतं.

शेवटचा मुद्दा पत्त्यांच्या आयुष्याचा. डोमेन नाव कुणी कायमचं विकत घेत नाही, ते वर्षांच्या हिशेबानं भाड्यानं मिळतं. भाडं थकलं की दुसरा येऊन राहतो. आणि नाव राहिलं तरी आतली पानं राहतीलच असं नाही. जिओसिटीज नावाची एक मोठी वसाहत होती, जिथे लाखो लोकांनी फुकटात आपली घरं बांधली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती बंद झाली आणि ते सगळे पत्ते एकदम निपुत्रिक झाले. देशही जातात. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, पण ‘एस यू’ ही त्याची दोन अक्षरं त्यानंतरही कित्येक वर्षं चालत राहिली.

हे वाचताना मला उजनी आठवते. १९८० साली भीमेवरचं ते धरण पुरं झालं आणि काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. माणसं वर येऊन वसली, बऱ्याच ठिकाणी गावाचं नाव तेच ठेवलं. पत्रावरचा पत्ता तोच, पोस्टमन मात्र दुसऱ्या जागी जातो. नाव आणि क्रमांक वेगळे ठेवण्याचा फायदा तो हाच : घर हललं तरी नाव हलत नाही. आणि दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ पुन्हा दिसू लागतं, लोक बघायला जातात. वेबवरही असं एक ठिकाण आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं ‘इंटरनेट आर्काइव्ह’ बुडालेल्या पानांच्या प्रती सांभाळतं. जुना पत्ता तिथे टाकला की कधी कधी कळस दिसतो. नेहमीच दिसेल याची खात्री नाही. तेव्हा ज्यांनी आपलं लिखाण, आईवडिलांचे फोटो, आठवणी कुठल्यातरी पत्त्यावर ठेवून दिल्या आहेत, त्यांनी त्याची एक प्रत घरच्या कपाटातही ठेवावी.

पत्त्यांची गोष्ट इथे संपत नाहीच. टपालखात्यानं मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. साऱ्या देशाची सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटणी करून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण. म्हणजे आता घर कशाला, अंगणातल्या तुळशीवृंदावनालाही स्वतःचा पत्ता आहे. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ’ असं लिहिणाऱ्यांची पिढी तोवर टिकली म्हणजे मिळवलं.

असो. बराच लांबलो. भाचरं-नातवंडं वाचत असतील त्यांना एकच गृहपाठ. पुढचा निळा पत्ता आला की बोट ठेवण्याआधी तो उजवीकडून मोठ्यानं वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही एकदा वाचून दाखवा.